आशाताईंचा वेळ खर्चात धरा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एखादी सार्वजनिक आरोग्य योजना ‘कमी खर्चात अधिक जीव वाचवते’ असे सांगितले जाते, तेव्हा त्या खर्चात काय धरले आणि काय सोडले, याची विचारणा फारशी होत नाही. नवजात बाळांच्या गृहभेटींची योजना हे याचे आपल्या राज्यातलेच उदाहरण आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत केलेल्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला होता आणि प्रत्येक बाळामागे खर्च जेमतेम पाच डॉलरच्या आसपास होता. या अनुभवाचा आधार घेऊन केंद्र सरकारने २०११ पासून हे काम देशभरातील आशा कार्यकर्तींवर सोपवले.

मात्र योजना देशभर नेली म्हणून तिचा हिशेबही जसाच्या तसा नेता येत नाही. गडचिरोलीत प्रशिक्षित आरोग्यदूत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच इंजेक्शन देत आणि त्यांच्या कामावर बारकाईने देखरेख असे. आशांवर मुख्यतः धोक्याची लक्षणे ओळखून बाळाला दवाखान्यात पाठवण्याची जबाबदारी आहे. काम बदलले, तर परिणाम आणि खर्च दोन्ही नव्याने मोजायला हवेत.

त्याहून गंभीर बाब मोबदल्याची आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, बाळाचे वजन करते, ताप पाहते, श्वास मोजते, आईला अंगावर कसे पाजायचे ते दाखवते आणि अर्ज भरते. या सहा भेटींसाठी एकूण २५० रुपये ठरवले गेले, म्हणजे भेटीमागे सुमारे ४२ रुपये. तिची पायपीट, वाट पाहणे, बुडालेली मजुरी यांची किंमत मूल्यमापनात शून्य धरली, तर योजना स्वस्त दिसणारच. तो खर्च नाहीसा झालेला नसतो, एका गरीब स्त्रीने तो सोसलेला असतो. बाळाला तालुक्याला नेणाऱ्या कुटुंबाचे गाडीभाडेही असेच ताळेबंदाबाहेर राहते, कारण हिशेब आरोग्य खात्याच्या तिजोरीपुरताच मांडला जातो.

‘एका जीवामागे किती रुपये’ या एकाच कसोटीवर गावांचा क्रम लावला, तर पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने संपर्क तुटणाऱ्या, गडचिरोलीतील भामरागडचे पाडे शेवटी येतील, कारण तेथे प्रत्येक भेट महाग पडते. गरज मात्र तेथेच सर्वाधिक आहे. शिवाय अशा अभ्यासांत भविष्यातील लाभ सहसा वर्षाला तीन टक्के दराने कमी करून धरले जातात. त्या दराने आज वाचलेल्या बाळाचे साठ वर्षांनंतरचे निरोगी वर्ष जेमतेम एक षष्ठांश मोलाचे ठरते. हा दर पाळण्यामागे अर्थशास्त्रीय कारणे आहेत, हे मान्य. पण बालकांच्या योजनांबाबत दर बदलून आलेले निष्कर्षही शेजारी छापले पाहिजेत.

केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची, म्हणजे उपचार आणि आरोग्य योजनांचा परिणाम व खर्च तपासण्याची, यंत्रणा उभारली आहे. राज्याच्या आरोग्य विभागाने तिच्या मदतीने गृहभेटींचे मूल्यमापन करावे, त्यात आशांचा वेळ किमान वेतनाच्या दराने धरावा, कुटुंबाचा खर्च वेगळा दाखवावा, दुर्गम तालुक्यांचे आकडे राज्याच्या सरासरीत न मिसळता स्वतंत्र द्यावेत आणि हा अहवाल मराठीत सर्वांसाठी खुला करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, चंद्रपूर