मंत्रीमहोदय, बालवर्गाला पुस्तक नको, माणसं द्या

मा. शिक्षणमंत्री यांस,
स.न.वि.वि.

नाव मुद्दाम घातलं नाहीये. खुर्चीवरचा माणूस बदलतो, फाईल तीच राहते, म्हणून लहान मुलांच्या शाळेची फाईल ज्यांच्या टेबलावर येते त्या प्रत्येकाने हे पत्र आपल्यालाच आहे असं समजावं. मी बालवर्गाला शिकवते, तीन ते सहा वर्षांची मुलं, त्यामुळे ऑफिसची भाषा मला येत नाही, सांभाळून घ्या.

हल्ली शिक्षणावरच्या कुठल्याही धोरणात मुलांच्या सामाजिक-भावनिक विकासावर एक छान परिच्छेद असतोच. परिच्छेदाशी माझं भांडण नाही. पुढे काय होतं त्याच्याशी आहे. त्या परिच्छेदाचं पुस्तक होतं, पुस्तकाचा तास होतो, शिक्षकांना एक दिवसाचं ट्रेनिंग, ट्रेनिंगचा ग्रुप फोटो, आणि वर्षाच्या शेवटी एक फॉर्म येतो ज्यात "मूल इतरांशी मिळूनमिसळून वागते, होय किंवा नाही" असं भरायचं. झालं, शिकली मुलं!

वर्गात हे सोशल स्किल्स म्हणजे प्रत्यक्ष काय असतं ते सांगते, कारण मला शंका आहे की सही करणाऱ्यांना ते सॉरी, थँक्यू, प्लीज एवढंच वाटतं. चार वर्षांच्या मुलाच्या हातातली गाडी दुसऱ्याने ओढली की त्याचा हात आधी उठतो, डोकं नंतर चालतं. त्या मधल्या दोन सेकंदांत त्याला थांबायचं असतं, आपल्याला राग आलाय हे ओळखायचं असतं, ते तोंडाने बोलायचं असतं आणि समोरचा "देणार नाही जा" म्हणाला तर तेही पचवायचं असतं. मोठ्यांना तरी जमतं का हो हे? पाथ्स नावाच्या अमेरिकन कार्यक्रमात यासाठी कासव वापरतात. राग आला की कासवासारखं कवचात शिरायचं, म्हणजे स्वतःभोवती हात गुंडाळून थांबायचं, खोल श्वास घ्यायचा, आणि मग काय झालं, कसं वाटतंय ते सांगायचं. कासवाची गोष्ट सांगायला दहा मिनिटं पुरतात. पण गोष्ट ऐकून कुणी कासव होत नाही, ते जमतं खरं भांडण पेटलेलं असताना कुणीतरी शेजारी बसून "चल, कासव करूया" म्हटलं की, आणि तेही एकदा नाही, आज उद्या परवा पुन्हा पुन्हा. आता बाई एकटी, वर्ग भरलेला, एका कोपऱ्यात मारामारी आणि दुसऱ्या कोपऱ्यात कुणाची चड्डी ओली, तर कासव करायला बसणार कोण?

एवढा खर्च कशाला असं अर्थखातं विचारणारच. तर २०१५ मध्ये जोन्स, ग्रीनबर्ग आणि क्राउली यांचा एक अभ्यास आला, अमेरिकेतल्या साधारण साडेसातशे मुलांचा. बालवर्गातल्या शिक्षकांनी तेव्हा फक्त एवढंच नोंदवलेलं की हे मूल वाटून घेतं का, दुसऱ्याचं ऐकतं का, भांडण आपलं आपण मिटवतं का. तीच मुलं पंचविशीला आली तेव्हा पाहिलं तर ज्यांना जास्त गुण होते त्यांच्यात कॉलेज पूर्ण केलेले आणि पूर्णवेळ नोकरीत असलेले जास्त, पोलिसांनी पकडलेले कमी, आणि हे घरची गरिबी वगैरे हिशोबात धरूनसुद्धा. एकामुळेच दुसरं झालं असं यातून सिद्ध होत नाही, हे मी आधीच सांगते, नाहीतर तुमचा एखादा अधिकारी तेवढंच धरून फाईल बाजूला ठेवायचा.

म्हणून ज्यातून कारण कळतं असा एक प्रयोग सांगते, पेरी प्रीस्कूल. अमेरिकेत मिशिगनमधलं यप्सिलँटी गाव, १९६२ ते १९६७, गरीब घरातली १२३ मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, एकाला बालवर्ग मिळाला, दुसऱ्याला नाही. गंमत म्हणजे बुद्ध्यांकात झालेली वाढ काही वर्षांतच विरून गेली. पण चाळिशीत पाहिलं तर बालवर्गवाल्यांची कमाई जास्त आणि पोलिसांनी अटक केलेले कमी. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला तेव्हा यातला मोठा वाटा हुशारीचा नाही तर वागणूक सुधारल्याचा निघाला. १२३ म्हणजे फार मुलं नाहीत, मान्य. पण भाषणात पेरीचं नाव घेणारे एक गोष्ट हमखास विसरतात, तिथल्या बाई दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जात होत्या, दीड तास, आईबरोबर बसायला. नक्कल करताना पहिला हाच दीड तास कापला जातो.

आणि घराचं का एवढं? अमेरिकेतल्या ओरेगॉनचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घरोघरी बसून कुटुंबांचं निरीक्षण केलं, त्यांनी दाखवलेलं चक्र कुठल्याही आईबापाला ओळखीचं वाटेल. आई नको म्हणते, मूल किंचाळतं, आई आवाज चढवते, मूल जमिनीवर लोळण घेतं, शेवटी आई "घे बाबा एकदाचं" म्हणते आणि घर शांत. मूल शिकलं की लोळलं की मिळतं, आई शिकली की दिलं की शांत होतं, दोघंही एकमेकांना ट्रेन करतायत आणि दोघांनाही पत्ता नाही. मग तेच मूल वर्गात येऊन तेच करतं आणि आम्ही म्हणतो घरी वळण नाही. (वळण आहे की, चुकीचं आहे!) हे पालकसभेत भाषण देऊन सुटत नाही. इन्क्रेडिबल इयर्स हा कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांचा कार्यक्रम बघा, त्यात पालक छोट्या गटात बसतात, आईबाप आणि मुलांचे लहान लहान व्हिडिओ बघतात, यात काय झालं यावर बोलतात, एकमेकांवर सराव करतात, घरी करून बघतात आणि पुढच्या वेळी काय फसलं ते सांगतात. आमच्याकडे पालकांना बोलवायचं ते कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, आणि लहान भावंडाला सांभाळायची सोय नाही. मग ज्यांना गरज आहे ते येतच नाहीत आणि अहवालात लिहायचं, पालक उदासीन.

घाईने राबवलं तर काय होतं याचंही उदाहरण आहे. इंग्लंडने सील नावाचा, मुलांना भावना आणि वागणं शिकवायचा कार्यक्रम माध्यमिक शाळांतही नेला. मोठी मुलं होती ती, पण धडा आपल्याला लागू आहे. २०१० च्या मूल्यमापनात मुलांवर दिसण्यासारखा परिणाम सापडला नाही, कारण शाळेगणिक अंमलबजावणी वेगळी आणि बरीचशी अर्धवट. उलट डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये शाळांतले असेच २१३ कार्यक्रम, २ लाख ७० हजारांवर विद्यार्थी असा सगळा पसारा एकत्र तपासला तर सरासरी फायदा झालेला, अभ्यासातसुद्धा, आणि जिथे राबवण्यात गोंधळ तिथे तो फायदा घटलेला.

शिक्षकाला आधार मिळाला तर काय फरक पडतो तेही सांगते. तेव्हा अमेरिकेच्या येल विद्यापीठात असलेल्या वॉल्टर गिलियम यांनी २००५ मध्ये मोजलं की अमेरिकेत बालवर्गातून काढून टाकल्या जाणाऱ्या मुलांचं प्रमाण मोठ्या शाळेच्या तिपटीहून जास्त होतं. तीन-चार वर्षांच्या पोरांना शाळेतून काढत होते! पण जिथे बाईंना वर्गात येऊन वागणुकीबद्दल मदत करणारा तज्ज्ञ मिळत होता तिथे हे प्रमाण कमी होतं.

तर पुस्तक छापायचे पैसे वाचवा. त्यातून वर्गात दुसरं मोठं माणूस द्या. ट्रेनिंग झाल्यावर वर्षभर अधूनमधून वर्गात येऊन बसणारा कोच द्या, तपासायला नाही, शिकवायला, नाहीतर साहेब आले म्हणून आम्ही मुलांना हाताची घडी घालायला लावणार हे तुम्हालाही माहितीये. घरभेटी आमच्या पगारी वेळेत धरा. पालकांचे गट संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवा आणि लहानांना सांभाळायला कुणीतरी असू द्या. आणि मिळूनमिसळून वागण्याला मार्क देऊ नका प्लीज, ज्याला शून्य पडेल त्यालाच आधी जवळ घ्यायचं असतं.

पुढची फाईल आली की त्यात एकच रकाना शोधा: ट्रेनिंगनंतर शिक्षकाबरोबर वर्गात कोण, किती तास बसणार. तो रकाना नसेल तर सही न करता परत पाठवा.

कळावे,
बालवर्गाची एक बाई