भरतीची पोरं कागदावर अडू नयेत

संपादक महोदय,

अग्निवीर भरतीच्या तारखा आपल्या दैनिकात छापून येतात आणि गावोगावची मुलं पहाटे रस्त्यावर पळू लागतात. पण पळण्यात तयार असलेली मुलंही कागद आणि मेडिकल यांपायी परत येतात. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून हे पत्र.

२०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा आणि मग मैदान असा क्रम आहे. जनरल ड्युटीच्या (साध्या शिपाई पदाच्या) पेपरात ५० प्रश्न, १०० गुण आणि वेळ एक तास. चुकलेल्या उत्तराला अर्धा गुण कापला जातो, त्यामुळे अंदाजाने ठोकून दिलेली उत्तरं अंगाशी येतात. मैदानावर १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढले तर ६० गुण, दहा बीम मारले (आडव्या दांड्याला लटकून हनुवटी दांड्यावर नेली) तर ४०. नऊ फुटी खड्डा उडी मारून आणि झिगझॅग म्हणजे नागमोडी पट्टी तोल सांभाळत फक्त पार करायची, त्यांना गुण नाहीत. बीम झोका देऊन मारायची सवय मात्र आधीच मोडावी, तसे बीम तिथे मोजत नाहीत.

खरी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडील ‘बाळासाहेब’ आणि आधारवर ‘बाळू’, एवढ्यावर मुलगा अडतो. अर्ज दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच भरावा आणि आधारची दुरुस्ती अर्जाआधी करून घ्यावी. पोलिसांचा व सरपंचांचा चारित्र्य दाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो. पोलिसांच्या दाखल्याला वेळ लागतो. मैदानाची तारीख कळल्यावर धावाधाव करून तो मिळेलच असं नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीचे २० फोटो, तेही तीन महिन्यांच्या आतले. संगणकावर चेहरा उजळलेले चालत नाहीत.

मेडिकलला कानातला मळ हे अगदी क्षुल्लक कारण, तरी त्यावरून मुलं अडतात. आठवडाभर आधी डॉक्टरांकडून कान साफ करून घ्यावेत. सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणं, पायाच्या फुगलेल्या शिरा, हायड्रोसिल (अंडकोषात पाणी साठणं), मूळव्याध हे सगळं भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीची फी भरण्याआधीच तपासून घ्यावं. जत्रेत हौसेनं गोंदवलेला दंड पुढे आड येतो. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि हाताच्या पंजाची मागची बाजू, एवढीच जागा गोंदणाला चालते. आणि ‘अनफिट’ लिहिलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. फेरतपासणीसाठी लष्करी रुग्णालयात पाठवतात, पण तिथे पाच दिवसांत हजर व्हावं लागतं. खचून घरी बसलेला मुलगा ही संधी गमावतो.

पगाराचंही घरच्यांना स्पष्ट सांगावं. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले असले तरी हातात २१,००० येतात; ९,००० सेवानिधीत, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणाऱ्या निधीत जातात आणि तेवढीच भर सरकार घालतं. अग्निवीराची नोकरी चार वर्षांचीच; ती संपल्यावर व्याज सोडून सुमारे १० लाख ४ हजार मिळतात. पेन्शन नाही. पुढे सैन्यात कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. या भरवशावर घरावर कर्ज काढू नये. ‘साहेबांशी ओळख आहे’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. तो मुलगा लागला तर पैसे ठेवतो, नाही लागला तर गायब होतो.

ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांना विनंती आहे की, लेखीचा निकाल लागला की त्याच आठवड्यात एक दिवस ठरवून या मुलांचे सगळे दाखले एका टेबलावर, फोटो व शिक्क्यासह द्यावेत. फोटोवर शिक्का अर्धवट उमटला तर तिथेच दुसरी प्रत करून द्यावी.

– काही माजी सैनिक, जि. सातारा