नाव तू दिलेस, ठेवून मी घेतले

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर न देता आज मीच हे लांबलचक पत्र लिहायला बसलो आहे, तेव्हा तू आधी पाकीट हातात तोलून पाहशील आणि ‘याचे काहीतरी बिनसले आहे’ असे घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणशील, हे मला इथे बसून दिसते आहे. बिनसले आहे खरे. तब्येत ठीक, रक्तदाबाची गोळी चालू, मान अधूनमधून धरते. या विषयावर इतके पुरे.

आपले दप्तराचे नाटक, मोठे दप्तर ओढणाऱ्या आणि टोळीकडून चिडवल्या जाणाऱ्या मुलाचे, अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात ते घेऊन आम्ही एका शाळेत दुसऱ्यांदा गेलो. असा योग क्वचितच येतो, हे तुला ठाऊक आहे. पेट्या उतरवायच्या, अर्ध्या तासात पडद्याची चौकट उभी करायची, पाऊण तास नाटक, मध्येच तासाची घंटा वाजली तर ती जणू आपणच वाजवली असे दाखवायचे आणि मुलांचे हसणे विरण्याआधी पेट्या पुन्हा गाडीत. मागे काय उरते ते पाहायला आपण कधी थांबलोच नाही. या शाळेने वर्षभराने पुन्हा बोलावले, कारण पहिल्या वेळी मुलांनी सभागृह डोक्यावर घेतले होते आणि मुख्याध्यापकबाईंना तो गोंगाट यशाचा वाटला होता. मलाही वाटला होता.

चौकटीचे नट आवळत असताना मागच्या व्हरांड्यातून हाक आली, “ए गठुडं, थांब की!” वर्ष झाले तरी पोरांना पात्राचे नाव आठवते आहे, या विचाराने माझी छाती क्षणभर फुगली, तुझ्यापासून काय लपवू? मी हसतच वळलो. हाक आमच्यातल्या कोणालाच नव्हती. पाचवीतला वाटावा असा एक मुलगा दप्तर पोटाशी धरून भिंतीच्या कडेने चालला होता, आणि कोणीही स्वतःच्या नावाला वळावे तसा तो वळला.

मी त्याला जवळ बोलावून त्याचे खरे नाव विचारले. त्याने ते सांगितले आणि त्याच दमात विचारले, “आज तेच नाटक आहे का?” मी हो म्हणालो. “बरं,” तो म्हणाला, आणि दप्तराच्या पट्ट्याचा उसवलेला दोरा बोटाभोवती गुंडाळत उभा राहिला. बोटाचे टोक पांढरे होईपर्यंत गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. माझ्या हातात पाना होता आणि तोंडात एकही शब्द नव्हता. पंचवीस वर्षे सूत्रधाराचे काम करणारा माणूस मी!

आता नावाचा इतिहास तुला सांगायची गरज नाही, पण सांगितल्याशिवाय माझे मन हलके होणार नाही. ते नाव तालमीत तुझ्या तोंडून निघाले, सगळे खो खो हसले आणि मी ते संहितेत लिहून टाकले. पहिल्या दहा प्रयोगांनंतर तूच ‘ते नाव काढ’ म्हणून माझ्या मागे लागलास. मी काय म्हणालो होतो, आठवते? “पहिल्या पाच मिनिटांत हशा आला नाही तर मागच्या रांगा चुळबुळ करतात, मग संदेश कोणाला देणार, पडद्याला?” हे वाक्य मला तेव्हा फार चमकदार वाटले होते. त्या दिवशी परतीच्या प्रवासात आपण इतके भांडलो की मास्तरांनी गाडी थांबवून दोघांनाही खाली उतरवले, आणि मग पेट्या कोण उतरवणार हे लक्षात आल्यावर पुन्हा वर घेतले.

तुझे दुसरे दुखणे त्याहून जुने. आपण प्रसंग थांबवून मुलांना रंगमंचावर बोलावतो ते चिडवणाऱ्या टोळीतल्या एकाची जागा घ्यायला, म्हणजे त्याने सुधारून दाखवावे म्हणून. तू ब्राझीलच्या नाटककार ऑगस्तो बोआलचा हवाला देऊन ओरडायचास की त्याच्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षक जागा घेतो ती ज्याच्यावर अन्याय होतो त्याची, कारण मार्ग त्याला शोधायचा असतो. बोआल आपल्या सूत्रधाराला ‘जोकर’ म्हणतो हे सांगताना तू माझ्याकडे पाहून ज्या समाधानाने मान हलवलीस, ती मी अजून विसरलेलो नाही. आणि बोआलच्या पेरूमधल्या प्रयोगातली ती 1973 ची बाई! प्रेक्षकांत बसून ती नटांना उपाय सांगत होती, नटांना तो कळेना, शेवटी ती स्वतः वर गेली आणि नवऱ्याचे काम करणाऱ्या नटाला तिने झाडूने बडवले. ही गोष्ट तू इतक्या वेळा सांगितलीस की आमचा तबलजी झाडू दिसला की तुला नमस्कार करायचा. हसता हसता मूळ मुद्दा मात्र राहून गेला. आपल्याकडे चिडवणाऱ्याची जागा घ्यायला मुलांची झुंबड उडते, सुधारण्याआधी प्रत्येक जण दोन मिनिटे मनसोक्त चिडवून घेतो, आणि त्याला टाळ्याही मिळतात. गठुड्याची जागा घ्यायला आजवर एकही मूल आलेले नाही, कारण मी कधी बोलावलेच नाही.

त्या दिवशी प्रयोगाला दहा मिनिटे उरली असताना मी सगळ्यांना गोळा करून सांगितले की आज नाव बदलायचे, गठुडे म्हणायचे नाही, ‘दादू’ म्हणायचे. आमच्या नटांनी निमूटपणे ऐकले. गठुड्याचे काम करणाऱ्या नव्या नटाने तर तळहातावर लिहून घेतले. पहिल्या प्रवेशात तो मोठे दप्तर ओढत आला, टोळीचा म्होरक्या म्हणाला, “आला बघा दादू!” आणि सभागृह क्षणभर गप्प झाले. मग मागून एक आवाज आला, “गठुडं!” त्यानंतर तीनशे आवाज आले. नाव आम्ही गाळले होते, ते त्यांनी जागच्या जागी भरून दिले. आणि सगळ्या माना रंगमंच सोडून चौथ्या रांगेकडे वळल्या.

तो हसत होता. सगळ्यांबरोबर, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. आपल्या चौथ्या प्रवेशात गठुडे हसते ना, अगदी तसेच. तो प्रवेश तू लिहिलास तेव्हा मी म्हणालो होतो की हे मुलांना कळणार नाही.

मी प्रयोग थांबवायला हवा होता. प्रसंग थांबवणे हेच तर माझे काम. पण मी ढोलकीवाल्याला खूण केली आणि गाणे एक प्रवेश आधीच सुरू केले. प्रयोग उत्तम झाला. बाईंनी पुढच्या वर्षाचेही बोलून ठेवले. निघताना मी वर्गशिक्षकांना गाठून सगळे सांगितले; ते सज्जन गृहस्थ, पण म्हणाले, “अहो, तो मनाला लावून घेत नाही.” प्रयोगानंतर वर्गात घ्यायच्या चर्चेचे आपले टिपण गेल्या वर्षी मी स्वतः त्यांच्या हातात दिले होते. ते त्यांच्या टेबलावर होते, हजेरीपटाला कव्हर म्हणून.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने 1965 मध्ये शाळांत नाटकातून शिकवण्याचे हे काम सुरू केले तेव्हा नट शिक्षकही होते, एका वेळी एकच वर्ग घेत, आणि नाटकाच्या आधीचे आणि नंतरचे काम हा नाटकाचाच भाग धरत, हे तू मला पोटतिडकीने सांगायचास. मी उत्तर द्यायचो की तीस मुलांसाठी गाडी काढणे परवडत नाही. हिशेब माझा बरोबर होता. तरीही तू मंडळी सोडून गेलास तेव्हा ‘याला गर्दी सोसत नाही’ असे मी चारचौघांत म्हणालो. ते तुझ्या कानावर गेले असणारच. ते मी मागे घेतो, उशिरा का होईना.

तुझ्या गुडघ्याचे कळले. व्यायाम टाळू नकोस. धाकटीला नोकरी लागली हे उत्तम झाले, तिला माझे आशीर्वाद सांग. वहिनींना नमस्कार. नव्या घराविषयी सविस्तर पुढच्या पत्रात विचारीन.

आता कामाचे. पंधरा दिवसांनी त्या शाळेत मी एकटा जातो आहे, पेट्यांशिवाय, फक्त त्या एका वर्गाचे दोन तास मागून घेऊन. बाईंनी होकार दिला आहे, पण तिथे नेमके काय करायचे ते मला सुचत नाही. त्या मुलाला मध्ये उभा करून काही करू लागलो तर मी त्याला पुन्हा गठुडेच करीन. नाव न काढता बोलू लागलो तर ते नाव पोरे पुन्हा भरून देतील. तू येशील का? आपली जुनी संहिता सोबत धाडतो आहे. नाव जिथे जिथे होते तिथे रेघ मारली आहे. अशा एकेचाळीस जागा निघाल्या. त्यांतल्या काही प्रवेशांत आता काहीच उरत नाही. येण्यापूर्वी ते तेवढे वाचून ठेव.

तुझा,
जोकर