आधी माहुली, मग कास

सातारा, १२ नोव्हेंबर

प्रिय सुनू,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन ठेवला आणि लक्षात आलं, तुला धड काहीच सांगितलं नाही. तू म्हणालीस, "दोन दिवस मिळतायत, सायकल घेऊन येते, कासचं पठार करू या," आणि मी आपली "करू की" म्हणून मोकळी झाले. म्हणून हे पत्र. शाळेत मैत्रिणीस पत्र लिहिताना तू हमखास तारीख विसरायचीस, मी बघ वर आठवणीने घातली आहे.

आल्या दिवशी कास नको. आधी माहुली.

का, ते सांगते. आपण इथे इतकी वर्षं राहिलो, पण हे गाव किती तिरकं आहे ते मला चोपन्नाव्या वर्षी सायकलवर बसल्यावर कळलं. शाळेत जाताना राजवाड्यापर्यंतचा चढ आपण बोलत बोलत कसा चढायचो कोण जाणे. अजिंक्यताऱ्याच्या पोटाशी वसलेलं गाव, त्यामुळे पश्चिमेला किंवा दक्षिणेला निघालीस की चढ लगेच समोर. पूर्वेला मात्र सायकल आपोआप कृष्णेकडे घरंगळते. जाताना पायडल मारायला लागत नाही, येताना त्याची व्याजासकट वसुली होते. तरी तो चढ सोसण्यासारखा आहे, आणि पहिल्या दिवशी तुझे गुडघे काय म्हणतात तेही कळेल.

संगम माहुली जेमतेम पाच किलोमीटर. पावणेसातला निघालो तर वेण्णा कृष्णेला मिळते तिथे ऊन यायच्या आत पोचतो. थंडीत पाण्यावर धुकं असतं आणि विश्वेश्वराच्या देवळाचा नुसता कळस वर दिसतो. आपली सहल इथे आली होती तेव्हा आपण घाटावर भेळ खाल्ली आणि परत गेलो, बाकी काही बघितलं नाही. नदीकाठी शाहू महाराजांची समाधी आहे, तशी ताराबाईंचीही. गादीसाठी दोघांचं उभं आयुष्य भांडणात गेलं. १७४९ मध्ये शाहू गेले, १७६१ मध्ये ताराबाई, आणि दोघं एकाच घाटाला. शाहूंच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी तिथेच आहे. वाघाच्या तावडीतून त्याने महाराजांना वाचवलं अशी गोष्ट सांगतात. मला का कोण जाणे, त्या कुत्र्यापाशीच जास्त वेळ थांबावंसं वाटतं. पूल ओलांडला की क्षेत्र माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव.

पुढे कोरेगावच्या बाजूला जाऊ नये असं माझं मत. रस्ता चांगला आहे, पण उसाचा हंगाम सुरू झालाय. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस बाहेर लोंबणारा, आणि ड्रायव्हरने गाणी एवढी मोठ्याने लावलेली की तुझी घंटा त्याला ऐकू येणं शक्य नाही. कोरेगावचा वाघ्या घेवडा मी घरी आणून ठेवलाय, त्याची आमटी करते. तेवढं कोरेगाव पुरे.

त्यापेक्षा मागे फिरून वाढे फाट्यावरून लिंबला जाऊ. थोडा महामार्ग लागतो, तिथे सेवारस्ता सोडायचा नाही. फाट्याला आत वळलं की गाड्यांचा आवाज एकदम मागे पडतो. दोन्हीकडे ऊस, मधे आल्याची शेतं, आणि मग बारा मोटेची विहीर. शाहू महाराजांच्या घरच्या विरूबाईंनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली. खोली एकशे दहा फूट, व्यास पन्नास फूट, पण आकडे ऐकून काही डोळ्यांसमोर येत नाही. पायऱ्या उतरत जायचं, आणि विहिरीच्या पोटात चक्क छोटा महाल. खांबांवर कोरीवकाम, वर बसायला जागा. बारा मोटा एकाच वेळी चालायच्या, आसपासच्या आमराईला पाणी जायचं. वर मोटेच्या दगडांवर हात ठेवून मी बराच वेळ उभी होते. चोवीस बैल एकदम चालताना केवढा आवाज होत असेल, एवढाच विचार मनात.

आता माझी फजिती. ऑगस्टमध्ये मी तिथे एकटीच गेले होते. परतताना लिंबच्या बाहेर बाभळीचा काटा, मागचं चाक बसलं. मला काय, दप्तरात जादाची ट्यूब होती, पंप होता, व्हिडिओ बघून दोनदा सराव केलेला. टायर काढला, ट्यूब बाहेर ओढली, नवी उघडली तर ती भलत्याच मापाची. दुकानदाराने दिली आणि मी न बघता घेतली, चूक दोघांची. सायकल ढकलत गावात आले. पंक्चरवाल्याने घमेल्यात पाणी घेऊन भोक शोधलं, सोल्युशन लावलं, पॅच घासून बसवला, सगळं पाच मिनिटांत. आणि हवा भरायला गेला तर त्याच्या पंपाचं तोंड बसेना. आपल्या या नव्या सायकलींचा व्हॉल्व्ह बारीक असतो ना, आणि तो स्कूटरचा पंप. माझा हातपंप, तू म्हणशील? ट्यूबच्या नादात तो मी बाभळीखालीच विसरून आले होते. त्याचा पोरगा मोटारसायकलवरून जाऊन घेऊन आला. पैसे घेईनात. "ताई, पुण्याहून आलाय काय?" एवढंच विचारलं. साताऱ्याची आहे म्हटल्यावर बापलेक दोघंही हसले.

तेव्हा, बारीक व्हॉल्व्हवर चढवायची पितळेची टोपी मिळते, चाळीस-पन्नास रुपयांची. ती आण. ट्यूबचं माप टायरच्या कडेला लिहिलेलं असतं, ते वाचून मगच ट्यूब घे.

दुसऱ्या दिवशी कास. समर्थ मंदिरापासून यवतेश्वराचा घाट सुरू होतो. हिल मॅरेथॉनला लोक हा घाट पळत चढतात आणि पळतच उतरतात, त्यांना माझा साष्टांग नमस्कार. मी तिसऱ्या वळणाला उतरते. सरळ उतरते आणि चालायला लागते. पहिल्यांदा लाज वाटली, मागून तरुण पोरं "चला काकू, थोडंच राहिलंय" म्हणत पुढे गेली. आता वाटत नाही. उतरून चालते म्हणून तर खाली बघता येतं. अख्खा सातारा पसरलेला, अजिंक्यताऱ्याचा टॉवर जवळजवळ आपल्या उंचीला, आणि शाहूपुरीतली घरं काडेपेटीएवढी. एकदा तर खाली शाळेचं मैदान ओळखू आलं. हॅण्डलला रेलून मी तिथे केळं खाल्लं.

यवतेश्वराच्या पुढे खरा आनंद. रस्ता डोंगराच्या धारेवरून वर-खाली करत पेट्रीकडे जातो. एका बाजूला उरमोडीचं पाणी, दुसऱ्या बाजूला कण्हेरचं. दोन्ही धरणं एकाच रस्त्यावरून दिसतात हे मला सायकलवरच कळलं, एसटीत आपण उलटीच्या भीतीने डोळे मिटून बसायचो. एकूण अंतर पंचवीस किलोमीटर, पठार बाराशे मीटरच्या आसपास. साडेतीन तास धर, चहा आणि भाकरी धरून.

फुलांचं मात्र आधीच सांगते, नाहीतर तिथे जाऊन तोंड पाडशील. आता फुलं नाहीत. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तेरडा, गेंद, सीतेची आसवं, सोनकी, सगळा बाजार भरतो. २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून नाव लागल्यापासून माणसांचाही. त्या दिवसांत शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगेत धूर खात सायकल चालवणं म्हणजे शिक्षा. जायचंच तर मंगळवार-बुधवार, तेही पहाटे. वायतुरा मी असाच एका बुधवारी पाहिला, पाणथळ जागेत, इंग्रजी वाय अक्षरासारखी दुहेरी तुऱ्याची फुलं. त्याच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचं नाव आहे. आपल्या गावाच्या नावाचं फूल, आणि आपल्याला बाईंनी कधी सांगितलं नाही.

नोव्हेंबरात पठार पिवळं पडतं. गवत वाळलेलं, मधून जांभ्या दगडाचे काळे-तांबडे सडे उघडे, आणि माणूस नाही. मला खरं तर हेच आवडतं. हा सगळा बगीचा बोटभर मातीवर उभा असतो, हे फुलं गेल्यावर दिसतं. तिथून कास तलावावर जाऊ. या तलावाचं पाणी पिऊन आपण मोठ्या झालो, आणि तो पहिल्यांदा मी पन्नाशीनंतर पाहिला.

बामणोलीला उतरायचा मोह होईल. खाली कोयना धरणाचा शिवसागर जलाशय चमकताना दिसतो आणि उतार मस्त आहे. पण तोच परत चढायचा असतो. मी एकदा ती चूक केली आणि शेवटी भाजीच्या टेम्पोत सायकल टाकून वर आले. तू उतरायचं म्हणालीस तर मी तलावावर चटई टाकून झोपेन, तू ये जाऊन.

ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, मेढ्याकडून महाबळेश्वर, हे सगळं पुढच्या खेपेला. सज्जनगडही. बोगद्यापलीकडचा रस्ता सुंदर आहे, पण चाळकेवाडीच्या सड्यावर वारा समोरून आला की सायकल जागच्या जागी थांबते. त्यासाठी आधी तुझे पाय बघू दे.

परतीच्या घाटात ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत, दाबायचे आणि सोडायचे. रबरं झिजली असतील तर तिथेच बदलून ये. रात्री पिठलं, घेवड्याची आमटी आणि भाकरी. हे म्हणतात, दोघी घाटात अडकलात तर मी जीप घेऊन येतो. त्यांना वाटच बघू दे.

तुझी,
मंगल

ता. क. नववीत तू माझी सायकल हाफ पायडल शिकायला नेलीस आणि चेनकव्हर चेपून आणलंस. ते अजून तसंच आहे. सायकल माळ्यावर आहे, दाखवीन.