खोडलेला तीन

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालास, पोरीचं डोमेनचं (क्ष च्या जागी कोणते आकडे चालतात, ते शोधायचं) गणित शेवटपर्यंत बरोबर, तरी बाईंनी एक मार्क कापला. तू पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो मी सावकाश पाहिला. मार्क गेला तो बरोबरच गेला. पण का गेला, हे तिला कुणी समजावलेलं दिसत नाही, म्हणून हे पत्र. आपल्या मराठी शाळेतल्या ‘क्ष’नेच लिहितो.

फंक्शन म्हणजे क्ष घातला की एक ठरलेलं उत्तर देणारी रीत. अशा दोन फंक्शनांच्या बेरजेचं तिला जमलंय. √(क्ष − २) ला क्ष किमान २ लागतो, √(५ − क्ष) ला जास्तीत जास्त ५. दोघांनाही सवड असेल तेव्हाच भेट होते, तसं बेरजेचं डोमेन २ ते ५. वजाबाकी-गुणाकारालाही तेच. भागाकारात √(५ − क्ष) खाली गेलं की ५ सुद्धा वगळायचा, कारण छेद शून्य होतो.

ती अडकली ती फंक्शनमध्ये फंक्शन घालताना. तिचं उदाहरण असं: ग(क्ष) = १/(क्ष − ३), फ(क्ष) = १/(क्ष − १), आणि फ(ग(क्ष)) काढायचं. तिने सुंदर सोपं रूप दिलं, (क्ष − ३)/(४ − क्ष), आणि त्याकडे बघून लिहिलं, ‘४ सोडून सगळे’. त्या रूपात ३ घातला तर निमूट शून्य येतं. घोटाळा तिथेच आहे.

थालीपिठाची भाजणी आठव. धान्य आधी कढईत भाजायचं, मग गिरणीत. जे कढईतच पडलं नाही, ते गिरणीपर्यंत जाणार कसं? इथे ग म्हणजे कढई. ३ घातला की तिथेच छेद शून्य, फ च्या हाती काही येतच नाही. ४ चं वेगळं: तो ग मधून १ होऊन सुखरूप बाहेर येतो, पण फ ला १ चालत नाही. म्हणून ३ आणि ४ दोन्ही वगळायचे.

तिला सांग, डोमेन आधी काढ, सोपं रूप नंतर. सोपं रूप देताना ३ ची खूणच पुसली जाते. मला स्वतःला हे बारावीत उमगलं, सरांनी माझ्या वहीत असाच एक आकडा लाल शाईने गोल केला तेव्हा. त्या दिवसापासून मला गणित खरोखर आवडायला लागलं, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता तिला उलट करायला सांग: ग(फ(क्ष)). दोन आकडे वगळावे लागतील, त्यातला एक अपूर्णांक आहे. उत्तर मी इथे लिहीत नाही, पुढच्या रविवारी तिच्याच तोंडून ऐकेन.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना बाकमित्र