सूर्यमालेचे चित्र आणि त्यात न मावणारी जागा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांना सूर्यमालेची ओळख करून देणारा लेख आणि त्यासोबत पानभर रंगीत चित्र प्रसिद्ध झाले. लेखातील माहितीबद्दल माझे काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती चित्राविषयी, आणि खरे तर ती एकट्या आपल्या चित्राविषयीही नाही. शाळेच्या भिंतीवरचे तक्ते, वह्यांची मलपृष्ठे, विज्ञान प्रदर्शनातले थर्माकोलचे गोळे या सर्वांत आठही ग्रह सूर्याला खेटून, जवळजवळ सारख्या अंतरावर, एका ओळीत मांडलेले असतात. ग्रहांचा क्रम बरोबर असतो, परंतु सूर्यमालेत सर्वांत जास्त जे आहे, म्हणजे रिकामी जागा, तेच नेमके गाळलेले असते.

मी भूगोल शिकवत असताना दरवर्षी हा पाठ मुलांना वर्गाबाहेर नेऊन घेत असे. सूर्य म्हणून एक फुटबॉल ठेवायचा. त्याचा व्यास सुमारे २२ सेंटीमीटर आणि सूर्याचा सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर, म्हणजे आपल्या मापात एका सेंटीमीटरला साधारण ६३ हजार किलोमीटर. या मापाने १२,७४२ किलोमीटर व्यासाची पृथ्वी दोन मिलिमीटरची, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी होते, आणि तो दाणा फुटबॉलपासून साडेतेवीस मीटरवर ठेवावा लागतो. चंद्र म्हणजे खसखशीचा कण, मोहरीपासून सहा सेंटीमीटरवर. माणूस स्वतः आजवर जास्तीत जास्त लांब गेला तो एवढाच! दाणे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर डिंकाने चिकटवावे लागत. पहिल्या वर्षी ते न केल्यामुळे आमचा चंद्र वाऱ्याने उडून गेला होता.

मोहरीच्या जागी उभे राहून पाहिले की फुटबॉल जेवढा दिसतो, जवळपास तेवढाच सूर्य आपल्याला आकाशात दिसतो, हे मुलांनी स्वतः ताडून पाहिले की मापावर त्यांचा विश्वास बसतो. बुध नऊ मीटरवर, शुक्र सतरा मीटरवर आणि राजगिऱ्याच्या दाण्याएवढा मंगळ छत्तीस मीटरवर, इथपर्यंत सारे शाळेच्या मैदानात आटोपते. पुढे मात्र मैदान अपुरे पडते. सर्व ग्रहांत मोठा असलेला गुरू जेमतेम सुपारीएवढा होतो आणि त्याला १२३ मीटरवर न्यावे लागते. शनी त्याहून किंचित लहान, २२६ मीटरवर. युरेनस आणि नेपच्यून हे दोन हरभरे अनुक्रमे साडेचारशे आणि ७१० मीटरवर. नेपच्यून हातात घेऊन गेलेल्या मुलाला तिथून फुटबॉल काही केल्या दिसत नसे, आणि सूर्यमालेतील ९९.८ टक्क्यांहून अधिक वस्तुमान त्या न दिसणाऱ्या फुटबॉलमध्येच आहे, हे त्याला परत आल्यावर सांगावे लागे. या मापात प्रकाश सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर, म्हणजे घाईत असलेल्या मुंगीच्या चालीने जातो. मोहरीपर्यंत पोहोचायला त्याला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो, नेपच्यूनपर्यंत चार तासांहून अधिक.

चित्रामुळे होणारी दुसरी गफलत अधिक चिवट आहे. पृथ्वीची कक्षा तिरकी दाखवायची म्हणून चित्रकार ती अंड्यासारखी लांबट काढतात, आणि मग सूर्याजवळ गेल्यावर उन्हाळा व दूर गेल्यावर हिवाळा होतो असा समज मुलांच्याच काय, पालकांच्याही डोक्यात घट्ट बसतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण स्वेटर घालून फिरत असतो तेव्हा. आमच्या मापात सर्वांत जवळचे आणि सर्वांत दूरचे अंतर यांत फरक पडतो तो अवघा ऐंशी सेंटीमीटरचा, साडेतेवीस मीटरमध्ये एका पावलाएवढा. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. (दोन्हीकडे साडेतेवीस हा आकडा येणे हा निव्वळ योगायोग, मुले मात्र त्यामुळे हमखास गोंधळतात.)

लघुग्रहांच्या पट्ट्याबद्दलही थोडे. रस्त्यावर खडी पसरावी तसे दगड मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये दाटीवाटीने काढलेले असतात. प्रत्यक्षात तेथील सर्व दगडधोंडे एकत्र केले तरी आपल्या चंद्राच्या विसाव्या भागाइतकेही वस्तुमान भरत नाही, आणि अंतराळयाने त्या पट्ट्यातून सुखरूप पार होतात.

संपूर्ण सूर्यमाला योग्य प्रमाणात एका पानावर छापता येत नाही, हे मी जाणतो. तशी छापायची तर पान कोरेच दिसेल. स्वीडनमध्ये दोन कोटींना एक या प्रमाणात सूर्यमाला उभारली आहे, तर स्टॉकहोममधील भव्य घुमटाकार सभागृहाला सूर्य मानून बाहेरचे ग्रह पार दूरच्या गावांत ठेवावे लागले. म्हणून माझी मागणी माफक आहे. अशा प्रत्येक चित्राखाली ‘आकार व अंतरे प्रमाणात नाहीत’ अशी एक ओळ ठळक छापावी, आणि जागा असल्यास वर दिलेली मीटरमधील अंतरे चौकटीत द्यावीत, म्हणजे शिक्षकांना ती कापून वहीत लावता येतील. फुटबॉल कोणत्याही शाळेत असतो आणि मोहरी, राजगिरा, हरभरे घरातून आणता येतात. शोधावा लागतो तो सातशे मीटरचा, वाहने नसलेला सरळ रस्ता. आम्ही त्यासाठी कालव्याच्या कडेची वाट वापरत असू.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, वाई