गरोदर सुनेला धारोष्ण दूध नको

संपादक महोदय,

गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात पडते, वर पांढराशुभ्र फेस. पैलवानांचं पैलवान बघतील. पण काही घरांत ‘ताकद येईल’ म्हणून तोच पेला गरोदर सुनेपुढं धरतात. कच्च्या दुधातून ब्रुसेला, लिस्टेरियासारखे जंतू पोटात जाऊ शकतात आणि गर्भपातापर्यंत वेळ येऊ शकते. म्हैस धडधाकट दिसली म्हणून दूध निर्धोक ठरत नाही. चांगली उकळी आणली की हे जंतू मरतात, कॅल्शियम कुठं जात नाही. मग अडतंय कुठं? आणि लोहाची गोळी दूध-चहाबरोबर नको, नीट अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर द्या. (हे सांगितलं की घरातली थोरली मंडळी रुसतात, ते वेगळं!) घरी नेणाऱ्याला कट्टेवाल्यांनी ‘तापवून द्या’ एवढं बजावलं तरी पुष्कळ.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर